शेपूटकाकांची चेन

रविवारी पहाटे पाच बावन्नला शेपूटकाका पाण्याच्या टाकीखाली एक गुडघा टेकून बसले होते आणि दुसऱ्याच कुणाच्या सायकलचं मागचं चाक फिरवून पाहत होते. ब्रेक एका बाजूला घासत होता. सायकलची मालकीण, रुग्णालयातली नर्स, रात्रपाळी उरकून थेट आली होती आणि टाकीच्या खांबाला टेकून उभ्या उभ्या डुलक्या घेत होती. काकांनी पाना लावून नट थोडा सैल केला, ब्रेक मधोमध आणला, चाक पुन्हा फिरवलं. घासण्याचा आवाज बंद झाला. नर्सला त्यांनी लगेच उठवलं नाही. निघायला अजून थोडा अवकाश होता, तेवढीच तिला झोप.

टाकीपासून चार पावलं पुढे, रस्त्याच्या कडेला मास्तर उभे होते. हात सायकलच्या हँडलवर आणि तोंड रस्त्याकडे. निघण्याआधी ते कायम असेच उभे राहत, गटाकडे पाठ करून. सायकल क्लबच्या रविवारच्या राइडमध्ये मास्तर सगळ्यांच्या पुढे आणि काका सगळ्यांच्या मागे, हे इतकी वर्षं चाललं होतं की क्लबातल्या निम्म्या लोकांनी या दोघांना एकमेकांच्या शेजारी सायकल चालवताना कधी पाहिलंच नव्हतं.

काका लिफ्ट दुरुस्त करणारे मेकॅनिक. वय बासष्ट. तरुणपणी संध्याकाळच्या तांत्रिक शाळेत ते ड्रॉइंग शिकायला गेले, तेव्हा मास्तर तिथे शिकवत होते. वयाने जेमतेम पाच वर्षांनी मोठे. पण मास्तर ते मास्तर. तेव्हा जे 'तुम्ही' आणि 'तू' सुरू झालं ते तसंच राहिलं. मास्तर बोलत असताना काका मधे बोलत नसत, आणि मास्तर बोलायचे थांबले तरी ते पुन्हा सुरू करतील या अंदाजाने काका आणखी थोडा वेळ गप्प राहत.

शेपूट हे नावही मास्तरांनीच दिलेलं. क्लबच्या पहिल्या राइडला आठ-नऊ जण होते. सगळे तळ्यावर पोचले, चहा पिऊन पाय पसरून बसले, तरी काकांचा पत्ता नाही. वाटेत एकाची ट्यूब फुटली होती. काका ती बदलून देत बसले, आणि तो गडी चाक लागताच 'येताय ना तुम्ही' म्हणत यांना टाकून पुढे निघून आला. काका घामाघूम होऊन पोचले तेव्हा मास्तर म्हणाले होते, "हत्ती गेला नि शेपूट राहिलं. आता या शेपटालाच काम देऊ."

त्या दिवसापासून काकांच्या अंगात पिवळं जाकीट आणि गळ्यात शिट्टी आली. काकांच्या मागे कुणी राहायचं नाही, एवढा एकच नियम. बाकी जे काही होतं ते मास्तर तोंडीच सांगत. पुढच्याने रस्ता बघायचा, मागच्याने माणसं बघायची. गटाचा वेग पुढचा ठरवत नाही, शेवटचा ठरवतो. मागून शिट्टी आली की विचारायचं नाही, थांबायचं. पुढे गाड्या वाढल्या, माणसं वाढली, पण या तीन वाक्यांवर क्लब चालला.

चौथी गोष्ट काकांनी स्वतःची स्वतः शोधली, आणि ती कुणी कुणाला शिकवली नाही. नवीन माणूस चढावर मागे पडतो. त्याला 'दमलात का' असं विचारलं की तो 'छे छे' म्हणतो, फुप्फुसं फाटेपर्यंत चालवतो आणि पुढच्या रविवारी येत नाही. म्हणून काका विचारत नसत. तेच उतरत, शिट्टी मारत, सायकल उलटी करत आणि म्हणत, "चेन पडली." चेन जागच्या जागी असे. काका तिच्याशी उगाच बोटं काळी करत बसत, तोंडाने सायकलला चार शिव्या देत, आणि नवीन माणूस शेजारी उभा राहून कपाळ पुसत म्हणे, "होतं असं काका, सावकाश करा." पुढे गट थांबलेला असे. मास्तर एक पाय कठड्यावर ठेवून झाडांकडे बघत असत.

क्लबात हे सगळ्यांना ठाऊक होतं. ज्याच्यासाठी चेन पडे त्याला तेवढं ठाऊक नसे. काही महिन्यांनी त्यालाही कळे, पण तोवर त्याचा दम वाढलेला असे आणि तोही दुसऱ्याच्या वेळी गप्प राहायला शिकलेला असे. बेकरीवाला याच वाटेने क्लबात टिकला होता. तो म्हणायचा, आमची भट्टी विझते ती कोळसा संपल्यावर, काकांची चेन पडते ती समोरच्याचा संपल्यावर.

थंडी संपता संपता काका मास्तरांच्या इमारतीतली लिफ्ट दुरुस्त करायला गेले. लिफ्ट तळमजल्यावर अडकली होती. वर मशीनच्या खोलीत जायला ते जिन्याने निघाले, तर दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मधे मास्तर पायरीवर बसलेले दिसले. शेजारी भाजीची पिशवी. चेहरा ओल्या सिमेंटसारखा.

"लेस सुटली होती," मास्तर म्हणाले.

मास्तरांच्या पायात चपला होत्या. काका हो म्हणाले, पिशवी उचलली आणि मास्तरांच्या एक पायरी मागून वर गेले. दारात वहिनींनी पिशवी घेतली, भाऊजी चहा घेऊन जा म्हणाल्या. लिफ्ट बंद आहे, लोक खोळंबलेत, असं सांगून काका निघून गेले.

पुढच्या रविवारी काकांनी पहिल्यांदा माणसांच्या पलीकडे, थेट पुढे पाहायला सुरुवात केली. वीसेक पाठींच्या पल्याड मास्तरांची पाठ दिसायची. चढ लागला की मास्तरांची डावी टाच खाली पडायची. उजवीकडे वळायचा हात उशिरा निघायचा आणि लगेच हँडलवर परत यायचा. चढावर ते शेजारच्याशी गप्पा मारायचे, त्या बंद झाल्या होत्या. शेजारच्याला वाटे, मास्तर रस्ता बघताहेत.

घरी काकांनी बायकोला सांगितलं. ती म्हणाली, मग जाऊन सरळ सांगा त्यांना, पुढे नका राहू म्हणून. काका म्हणाले, मास्तरांना मी काय सांगणार? ती म्हणाली, बरोबर आहे, तुम्ही फक्त लिफ्टला सांगणार, वर जा, खाली ये. पण काकांचं गणित वेगळं होतं. मास्तर निवृत्त झालेले, मुलगा-सून दूर, शाळा केव्हाच बंद पडलेली. पुढे उभं राहून गट घेऊन जायचा एक रविवार काढून घेतला, तर त्यांच्या आठवड्यात उरतं काय?

म्हणून काकांची चेन पडायला लागली.

आता ती मागच्यासाठी पडत नव्हती. पुढच्यासाठी पडत होती. खाणीचा चढ सुरू झाला आणि मास्तरांची टाच पडली की काका शिट्टी मारत. शिट्टी आली की थांबायचं, हा नियम मास्तरांचाच. मास्तर थांबत, कठड्यावर पाय ठेवत, झाडांकडे बघत. काका मागे चेन चिवडत बसत आणि मास्तरांचे खांदे वरखाली व्हायचे थांबेपर्यंत ती 'बसत' नसे. एका चढावर कधी दोनदा, कधी तीनदा. मास्तर कधी काही बोलले नाहीत. त्यांना कळलं नाही, असं काका धरून चालले, कारण तसं धरून चालणंच सोयीचं होतं.

पण लोकांना डोळे असतात. मागे नवखं कुणीच नाही आणि चेन तर सारखी पडतेय, म्हटल्यावर लोकांनी आपला अर्थ लावला. काका स्वतःच दमायला लागलेत. कुणी त्यांना केळं आणून देऊ लागलं, कुणी गुडघ्यासाठी तेलाची बाटली दिली. बेकरीवाल्याने नवी चेन फुकट बसवून देण्याची तयारी दाखवली. काकांनी केळी खाल्ली, तेल बायकोला दिलं. ती म्हणाली, "क्लबात चेन पडते म्हणे तुमची. मला वाटलं, डोक्यावरचे केस तेवढेच पडलेत." काका हसले नाहीत, तेव्हा तिने विषय बदलला.

त्या रविवारी, ज्या पहाटे त्यांनी नर्सचा ब्रेक नीट केला, गट खाणीच्या चढाला लागला तेव्हा ऊन नुकतं वर आलं होतं. दुसऱ्या वळणाच्या तोंडाशी मास्तरांची टाच पडली. जागा वाईट होती, रस्ता अरुंद, एका बाजूला गटार. काकांना ते दिसत होतं. पण मास्तर हँडलवर ओणवे झाले होते, तेही दिसत होतं. त्यांनी शिट्टी मारली. गट वळणावरच थांबला, आणि वरून खडीचा ट्रक आला.

ड्रायव्हरने ब्रेक दाबला. टायर ओरडले, ट्रक तिरका होऊन पुढच्या तिघांपासून हातभर अंतरावर उभा राहिला. नर्स घाबरून मागे सरकली ती गटारात पडली. कोपर सोलवटलं, बाकी काही झालं नाही. ड्रायव्हरने खाली उतरून जे काय म्हणायचं ते म्हटलं आणि त्यातलं एकही वाक्य चुकीचं नव्हतं.

बुधवारी संध्याकाळी बेकरीच्या मागच्या खोलीत बैठक झाली. मैद्याच्या पोत्यांवर बसून. क्लबची सेक्रेटरी विमा कंपनीत कामाला होती. अपघात हे तिचं रोजचं काम. कुठल्या वळणावर कोण का थांबलं होतं, हे ती वर्षभर दुसऱ्यांच्या कागदांत वाचत असे. गट घेऊन जाणाऱ्या स्वयंसेवकांसाठी तिने सूचना लिहून आणल्या होत्या. चढावर, वळणावर, पुलावर गट थांबणार नाही. कुणी मागे राहिलं तर शेवटचा स्वयंसेवक त्याच्याजवळ थांबेल, बाकीचे आधी ठरलेल्या मोकळ्या जागी जाऊन वाट बघतील. शिट्टी फक्त धोक्यासाठी. पुढचा आणि शेवटचा, दोघांकडे फोन हवाच. एकूणएक गोष्ट शहाणपणाची होती आणि ती वाचताना तिने एकदाही कुणाकडे रोखून पाहिलं नाही.

शेवटी ती म्हणाली, काका, तुम्ही इतकी वर्षं सगळ्यांना सांभाळलंत, आता काही दिवस गटातून चालवा, मागचं काम बेकरीवाले बघतील. तिचा आवाज खरोखर मऊ होता.

काकांनी मास्तरांकडे पाहिलं. मास्तर पँटच्या गुडघ्यावरचा मैदा झटकत होते.

"मास्तर, तुमचं काय म्हणणं?" सेक्रेटरीने विचारलं.

"सूचना चांगल्या आहेत," मास्तर म्हणाले. "चढावर थांबायला नकोच." मग दुसरा गुडघा झटकला. "आणि त्याचंही वय झालं आता."

काका सवयीप्रमाणे थोडा वेळ थांबले. मास्तर पुढे काही बोलले नाहीत. काकांनी जाकीट उतरवलं, गळ्यातली शिट्टी काढली आणि दोन्ही वस्तू बेकरीवाल्याच्या हातात दिल्या. बेकरीवाल्याला कसंनुसं झालं. शिट्टी उजेडात धरून तो म्हणाला, हिच्यावर तुमच्या दातांचे खड्डे पडलेत काका, मला आता कवळीच बसवून घ्यावी लागणार. सगळे गरजेपेक्षा जास्त हसले.

घरी बायकोने विचारलं, मास्तर काय म्हणाले. काका म्हणाले, सूचना चांगल्या आहेत म्हणाले. तिने पोळपाट आपटला, एवढंच.

पुढचा रविवार कालव्याकडेच्या रस्त्याने गेला. रस्ता सपाट, कुणाला काही त्रास झाला नाही. काका गटाच्या मधे होते आणि त्यांना डोळ्यांचं काय करावं ते कळत नव्हतं. मागून सगळी माणसं दिसत. मधून फक्त पुढच्याची पाठ दिसे.

त्यानंतरच्या रविवारी पुन्हा खाणीचा चढ होता. आदल्या दुपारी काका मास्तरांच्या घरी गेले. आज बोलायचंच, असं जिन्यात ठरवलं होतं. वहिनी बाहेर गेल्या होत्या. मास्तर गॅलरीत वर्तमानपत्र अंथरून सायकलला तेल घालत बसले होते. काका स्टुलावर बसले. हवा कशी आहे, तळ्याचं पाणी किती उतरलं, याच्यावर बोलून झालं.

"उद्या खाणीचा चढ आहे," काका म्हणाले.

"आहे."

"वाट बदलली तर?"

मास्तरांनी तेलाची कुपी खाली ठेवली. काकांकडे नीट पाहिलं. "का रे? गुडघा धरलाय का तुझा?"

खोलीत दोघांशिवाय कुणी नव्हतं. ज्याच्यापासून काही लपवावं असं तिसरं माणूस नव्हतं. तरीही मास्तरांनी तेच विचारलं, आणि तसं विचारल्यावर त्याचं एकच उत्तर काकांकडे होतं.

"हो. थोडा."

"मग तू सावकाश ये," मास्तर म्हणाले. "तुमच्यासारख्यांसाठी मागे माणूस ठेवलाय ना आता."

काका उठले. तेव्हा एक गोष्ट करता आली असती. सेक्रेटरीला फोन करून दोन वाक्यांत सगळं सांगता आलं असतं, आणि तिने संध्याकाळच्या आत मास्तरांना पुढून काढलं असतं. जिना उतरताना काकांनी फोन खिशातून काढलाही. मग वाटलं, हे मास्तरांच्या पाठीमागे होईल. समोर बोलता येत नाही आणि मागे बोलवत नाही, अशा माणसाने काय करावं? त्यांनी फोन परत खिशात ठेवला.

रविवारी चढाच्या पहिल्या वळणानंतर मास्तरांची टाच पडली. काकांकडे शिट्टी नव्हती. ते बाजूला झाले, सायकल उलटी केली. मागून बेकरीवाला येणार आणि बघणार हे त्यांना माहीत होतं, म्हणून या वेळी बोटांनी ओढून त्यांनी चेन खरोखरच पाडली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. एकदोघे जाता जाता म्हणाले, काका, येतील हां मागून बेकरीवाले. पुढे कुणीही थांबलं नाही. थांबायचं नाही, असंच ठरलं होतं.

बेकरीवाला आला. पडली का म्हणाला. काका म्हणाले, पडली, पुढे सांग थांबायला. तो म्हणाला, पुढे कशाला, मी आहे ना, आणि गुडघ्यावर बसून त्याने बघता बघता चेन चढवली. "तुमच्याकडूनच शिकलो," तो म्हणाला. त्याला वाटलं काका खूश होतील. काकांनी मान वर केली तेव्हा गटाचा शेवटचा माणूस वळणाआड गेला होता.

त्यानंतर काकांनी सायकल जशी मारली, तशी गेल्या वीस वर्षांत मारली नव्हती, असं बेकरीवाला नंतर सगळ्यांना सांगत असे. काका नव्हे, कुणी तरी दुसराच माणूस त्यांच्या सीटवर बसला होता म्हणे.

चढाच्या माथ्यावर, खाणीच्या फाटकापाशी, मोकळी जागा होती. गट ठरल्याप्रमाणे तिथे थांबला होता. मास्तरांची सायकल भिंतीला व्यवस्थित टेकवून ठेवली होती. मास्तर तिच्याशेजारी जमिनीवर बसले होते. नर्सने त्यांच्या शर्टाची बटणं काढली होती आणि मनगट धरलं होतं. सेक्रेटरी फोनवर अँब्युलन्सवाल्यांना जागा सांगत होती, न घाबरता, नेमकी, दोनदा.

काका समोर येऊन बसले. त्यांना ओळखायला मास्तरांना थोडा वेळ लागला.

"आज शिट्टी ऐकू आली नाही रे," मास्तर म्हणाले.

काकांना तेव्हा कळलं. मास्तरांना सगळं माहीत होतं. प्रत्येक चेन माहीत होती. बुधवारी मैदा झटकतानाही माहीत होती.

"शिट्टी माझ्याकडे नाही मास्तर. बेकरीवाल्याकडे आहे."

"हो," मास्तर म्हणाले. "विसरलोच."

अँब्युलन्स लवकर आली. वाटेत कुठे अडली नाही. दुपार व्हायच्या आत मास्तर गेले. डॉक्टरांनी सांगितलं की हृदय फार दिवसांपासून थकलेलं होतं, हे आज ना उद्या व्हायचंच होतं. सूचना पाळल्या गेल्या होत्या का, असं सेक्रेटरीने स्वतःला पुन्हा पुन्हा विचारून पाहिलं. सगळ्या पाळल्या गेल्या होत्या.

तीनेक आठवड्यांनी मास्तरांच्या इमारतीतली लिफ्ट पुन्हा बंद पडली. कंपनीने काकांनाच पाठवलं. काम झाल्यावर ते वर गेले आणि बेल वाजवली. मास्तर गेल्यावर ते लोकांबरोबर येऊन गेले होते, एकटे आले नव्हते. वहिनींनी आत बोलावलं, चहा टाकला. गॅलरीत आता काही अंथरलेलं नव्हतं.

वहिनी आपणहून बोलायला लागल्या. डॉक्टरांनी थंडीतच सायकल बंद सांगितली होती. त्या भांडल्या होत्या, रडल्या होत्या, सायकलला कुलूप घालून किल्ली लपवून ठेवली होती. मग एका रविवारी मास्तर, एकदाच जातो म्हणून, किल्ली मागून घेऊन गेले आणि घरी आले ते हसतच. म्हणाले, तू उगाच घाबरतेस, तो आहे ना मागे. मला दम लागला की त्याला तिथून कळतं. लगेच शिट्टी मारतो, म्हणतो चेन पडली. त्याला वाटतं, मला ठाऊक नाही. मग दर रविवारी त्या विचारत, आज किती वेळा पडली, आणि मास्तर बोटांनी दाखवत.

"म्हणून किल्ली कायमची परत दिली मी," वहिनी म्हणाल्या. "तुम्ही मागे आहात म्हणून."

काकांनी कप खाली ठेवला.

"भाऊजी, त्या दिवशी तुम्ही मागेच होतात ना?"

म्हणजे बुधवारच्या बैठकीचं मास्तरांनी घरी सांगितलं नव्हतं. जाकीट गेलं, शिट्टी गेली, त्याचंही वय झालं आता, यातलं काहीच या घरात आलं नव्हतं. नाही म्हटलं, तर वहिनी विचारणार होत्या, का नव्हतात, कुणी काढलं, आणि हे तेव्हा काय म्हणाले? एकेक करून सगळं बाहेर आलं असतं. चाळीस वर्षांचा संसार केलेल्या माणसाने पुढे राहण्यासाठी आपल्याशीही लपवाछपवी केली, हे त्यांना आता, तो माणूस विचारायला उरला नसताना कळलं असतं.

"होतो," काका म्हणाले.

"मग?"

"शिट्टी मारायला उशीर झाला, वहिनी."

वहिनींनी काकांचा अर्धा राहिलेला कप उचलला, आत नेऊन बेसिनमध्ये ओतला आणि विसळून पालथा घातला. बाहेर येऊन त्या दार धरून उभ्या राहिल्या.

"लिफ्ट झाली ना सुरू?"

"झाली."

"बरं. या मग."

काका जिन्यानेच उतरले.

बायकोला त्यांनी हे जेवताना सांगितलं. ती चिडेल असं वाटलं होतं, पण ती चिडली नाही. खरं का नाही सांगितलंत, एवढंच विचारलं. काका म्हणाले, खरं सांगून आता थांबवायचंय कुणाला? तिने त्यांच्या ताटात न विचारता आणखी भात वाढला आणि त्यांनी तो खाल्ला.

काही दिवसांनी सेक्रेटरी घरी आली. सूचना तिने पुन्हा लिहिल्या होत्या. पुढचा माणूस दर रविवारी बदलेल. निघण्याआधी पुढचा आणि शेवटचा एकमेकांची तब्येत विचारतील, आणि नियम म्हणून विचारायचं असल्यामुळे त्यात कुणाला कमीपणा वाटायचं कारण नाही. काकांनी चष्मा लावून सगळं वाचलं. बरोबर आहे म्हणाले. तिने विचारलं, यात काही घालायचं का?

"एक घाला," काका म्हणाले. "पाठीकडे बघून फार उशिरा कळतं. मधूनमधून पुढे जाऊन तोंड बघायचं."

तिने ते जसंच्या तसं लिहून घेतलं. मग पर्समधून शिट्टी काढून टेबलावर ठेवली. ती म्हणाली, बेकरीवाल्यांनीच पाठवली आहे, सगळ्यांचं म्हणणं तुम्ही परत मागे यावं, नव्या स्वयंसेवकांना तुम्हीच शिकवावं. काकांनी शिट्टीला हात लावला नाही. रविवारी आता आपली ड्यूटी असते, असं त्यांनी सांगितलं. ते खोटं नव्हतं. कंपनीतल्या एका सहकाऱ्याला लहान मुलं होती, त्याला रविवार घरी हवा होता. काकांनी त्याच्याशी पाळी बदलून घेतली होती, एका आठवड्यापुरती नव्हे, कायमची. जाताना सेक्रेटरीने शिट्टी पर्समध्ये परत ठेवली.

उद्या रविवार. गट सहा वाजता टाकीखालून निघेल, पुढे नर्स, मागे बेकरीवाला, वाट कालव्याची. काकांची पाळी सातला सुरू होते. बाजारातल्या चार मजली इमारतीत लिफ्टच्या तारांची तपासणी आहे. लिफ्ट दुपारी एकपर्यंत बंद राहील, जिना वापरावा, अशी पाटी त्यांनी आजच तळमजल्याच्या दारावर लावून ठेवली आहे.